बेसवादकाची झाकली मूठ

बेस गिटार ठरवून हाती घेणारे थोडे. बँडमध्ये गिटारवाले आधीच दोन-तीन असतात, बेसवाला सोडून जातो आणि उरलेल्यांपैकी एकाच्या गळ्यात ते वाद्य पडते. पॉल मॅकार्टनीचे असेच झाले. १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये स्टुअर्ट सटक्लिफ बीटल्समधून बाहेर पडला आणि बेस धरायला दुसरे कोणी तयार नव्हते. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये गिटार वाजवणारी कॅरल के १९६३ साली एका ध्वनिमुद्रणाला ठरलेला बेसवादक आला नाही, म्हणून बेसकडे वळली. गिटारवरून आलेल्याला बेसच्या चार तारा ओळखीच्याच वाटतात. गिटारच्या खालच्या चार तारांचीच ई, ए, डी, जी ही नावे, फक्त एक सप्तक खाली. वाद्य पहिल्याच दिवशी वाजू लागते आणि शिकायचे राहून जाते. पुढे कार्यक्रम मिळतात, नाव होते, आणि साधी गोष्ट कुणाला विचारायची सोय उरत नाही.

बेसवादक एकमेकांशी मोकळेपणाने बोलू लागले की जी कबुली देतात, ती बहुतेक या न विचारलेल्या गोष्टींची असते. झाकल्या मुठीत मात्र दोन प्रकारचा ऐवज निघतो. काही गोष्टींची लाज बाळगण्याचे कारणच नसते. काही गोष्टी न शिकल्यामुळे वाद्य खरोखर बेसूर राहते, आणि त्या शिकायला एक दुपार पुरते.

पहिली कबुली बहुधा नोटेशनची असते. स्टाफ नोटेशन वाचता येत नाही, हे मॅकार्टनीने स्वतः अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे. वाचता येणे हा त्या त्या कामाचा भाग आहे. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना नोटेशन शिकवले जाई. तिथून मुंबईत आलेल्या वादकांना सेबास्टियन डिसोझांसारख्या अरेंजरने लिहिलेला कागद समोर येताच वाजवता येत असे, आणि हिंदी चित्रपटसंगीताचे मोठे वाद्यवृंद त्याच बळावर चालले. जिथे चौघे मिळून कानाने गाणे बसवतात, तिथे या विद्येवाचून अडत नाही.

अडते ते वेगळ्या ठिकाणी. कितव्या फ्रेटवर कोणता स्वर आहे हे नावानिशी माहीत नसणारे बेसवादक पुष्कळ आहेत. बोटांच्या ठेवणीवर त्यांचे चालते, कारण बेसवर पट्टी बदलणे म्हणजे तीच ठेवण दोन घरे पुढे-मागे सरकवणे. पण गाणे ईमध्ये बसवलेले असते, सगळा डोलारा खुल्या जाड तारेवर उभा असतो, आणि ऐनवेळी गायिका अर्ध्या स्वराने पट्टी उतरवायला सांगते. आता हवा असलेला खर्ज खुल्या तारेच्याही खाली गेलेला असतो. वाद्यावर तो उरतच नाही. तो एक सप्तक वर, ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर आहे, हे नाव ठाऊक असलेल्यालाच क्षणात सापडते. चार तारांवर पहिल्या बारा फ्रेटांतले स्वर पाठ करणे हे पाढे पाठ करण्याइतकेच काम आहे, आणि ते टाळू नये.

बोटांची कबुली तेवढी गंभीर नाही. तर्जनी आणि मधले बोट आलटून-पालटून चालवावे, असे शिकवण्याचा रिवाज आहे. एकाच बोटाने किंवा पिकने वाजवणाऱ्याला आपण काही चोरतो आहोत असे वाटते. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रणांत बेस वाजवणारा जेम्स जेमरसन उजव्या हाताची एकटी तर्जनी वापरत असे. आधी तो उभा डबल बेस वाजवी, ती सवय त्याने इकडे आणली. कॅरल केने पिक कधी सोडले नाही. तारांवर फेल्टचा तुकडा दाबून ती त्या पिकचा कडकपणा मोडत असे. जेमरसनचे नाव मोटाउनच्या तबकड्यांवर वर्षानुवर्षे छापलेच गेले नाही. १९७१ सालच्या मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’पर्यंत ते वाट पाहत राहिले. त्यामुळे त्याचा बेस ऐकून शिकलेल्या कित्येकांना आपण एका बोटाची नक्कल दोन बोटांनी करतो आहोत, याचा पत्ताच नव्हता.

जुन्या तारांचे समर्थन करतानाही जेमरसनचेच नाव पुढे केले जाते. तुटल्याशिवाय तो तार बदलत नसे, हे खरे आहे. पण त्याच्या तारा फ्लॅटवाउंड होत्या. त्यांवरची गुंडाळी सपाट पट्टीची असते, घाम-मळ साचायला खाच नसते, आणि त्यांचा गोल, बंद आवाज जुनेपणानेच खुलतो. आज बहुतेकांच्या बेसवर राउंडवाउंड तारा असतात. त्यांच्या गोल गुंडाळीच्या खाचांत घाम आणि कातडीचा भुगा बसतो, मुंबई-गोव्याच्या दमट हवेत गंज धरतो आणि तार काही महिन्यांत मुकी होते. तारा पाण्यात उकळून पुन्हा चढवण्याचा काटकसरी उपाय जगभर चालतो. मळ निघतो, चमक परत येते, पण ती थोडेच दिवस टिकते. एक बारकावा मात्र अनेकांना उशिरा कळतो: नवी तार कापण्याआधी ती कापायच्या जागेच्या अलीकडे काटकोनात वाकवून घ्यावी. तसे न केल्यास आतल्या गाभ्यावरची गुंडाळी सैल होऊ शकते आणि कोरी तार पहिल्याच दिवशी मेलेली वाजते.

सर्वांत जास्त भीती मानेची. चार तारा मिळून मानेवर सत्तर-ऐंशी किलोच्या घरात ताण देतात. त्याला तोलून धरण्यासाठी मानेच्या पोटात पोलादी सळी घातलेली असते, ती ट्रस रॉड. वीस-वीस वर्षे वाजवूनही तिला हात न लावलेले वादक आहेत, आणि ती तारा वर-खाली करण्यासाठी असते अशी समजूत करून घेऊन ती पिळणारेही. उंची ठरवण्याचे काम ब्रिजवरच्या सॅडलचे. रॉडचे काम फक्त मानेचा बाक राखण्याचे. तो बाक पाहायला कोणतेही उपकरण लागत नाही. जाड तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने दाबायची आणि मान धडाला जिथे मिळते तिथल्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने. ताणलेली तार आता सरळ पट्टीसारखी होते. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत साध्या व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी फट हवी. फट मुळीच नसेल तर तारा फ्रेटना घासून खरखरतात, फार असेल तर मधल्या फ्रेटवर बोटे दुखेपर्यंत दाबावे लागते. रॉड घड्याळाच्या दिशेने आवळला की मान सरळ होते, सैल केला की बाक वाढतो. एका वेळी पाव फेरा, मग तारा पुन्हा सुरात आणून पाहणे. पावसाळ्यात लाकूड ओल पिते आणि मान हलते; कोकणपट्टीत तरी ही तपासणी वर्षातून दोनदा व्हायलाच हवी. जोर लावूनही रॉड फिरत नसेल तर तिथेच थांबून कारागिराकडे जावे, कारण तुटलेला रॉड बदलणे महागात जाते.

मानेनंतर सुराची बारीक जुळणी. लिओ फेंडरने १९५१ साली कॅलिफोर्नियात पहिला प्रिसिजन बेस विक्रीला आणला. उभ्या बेसवर फ्रेट नसतात, सूर कानाने शोधावा लागतो. याच्यावर फ्रेट बसवल्याने तो नेमका लागतो, म्हणून नाव प्रिसिजन. पण हा नेमकेपणा तारेची लांबी बरोबर असेल तरच खरा. खुली तार ट्यूनरवर जुळवली म्हणजे वाद्य सुरात आले, असे मानणारे वादक वर चढले की कणसूर होतात आणि दोष कानाला देतात. बाराव्या फ्रेटवर बोट नुसते टेकवून निघणारा घंटेसारखा स्वर ऐकावा, मग तिथेच तार दाबून वाजवावी. दोन्ही ट्यूनरवर एकच दिसले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा आला तर सॅडल मागे घेऊन तार लांब करायची, उतरा आला तर पुढे. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, म्हणून सरकवता येतात. बेसचे लाकडात रुतलेले असतात, म्हणून इथे पडद्याऐवजी तारेचे टोक सरकते.

विजेच्या बाजूची एक फजिती हमखास घडते. अॅक्टिव्ह बेसच्या आत नऊ व्होल्टची बॅटरी असते आणि तिला वेगळे बटण नसते. केबल जॅकमध्ये घातली की जोडणी पूर्ण होते. रात्री केबल तशीच ठेवून झोपणारा वादक बॅटरी खर्च करत राहतो. दुसऱ्या दिवशी आवाज आधी फाटतो, मग नाहीसा होतो, आणि पिकअप गेले असे समजून वाद्य दुरुस्तीला जाते. आपल्या बेसमध्ये बॅटरी आहे हेच माहीत नसणारेही असतात. १९६० साली आलेल्या जॅझ बेसच्या धाटणीच्या वाद्यावर दोन व्हॉल्यूम असतात. दोन्ही पिकअप सारखे उघडे असले की एकाची गुणगुण दुसरा खोडतो, एक जरा कमी केला की ती परत येते. वायरिंग सदोष आहे म्हणून लोक हैराण होतात, आणि तो तर मांडणीचाच गुण असतो.

अॅम्पपाशी लाज कमी आणि गैरसमज जास्त. खोलीत एकट्याने वाजवताना बेस आणि ट्रेबल चढवून मधला पट्टा उतरवला की आवाज भरदार वाटतो. तीच मांडणी ड्रम आणि गिटारच्या गर्दीत हरवते. खुल्या ई तारेची मूळ कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ४१. एवढा खालचा स्वर मोठ्याने ऐकवायला पुष्कळ शक्ती लागते. म्हणून अँपेगने १९६९ साली स्टेजसाठी आणलेला एसव्हीटी ३०० वॉटचा होता आणि त्याच्या प्रत्येक पेटीत दहा इंची आठ स्पीकर होते. पण श्रोत्याचा कान स्वर ओळखतो तो बराचसा त्यावरच्या उपस्वरांवरून. लहान मोबाइलवर मूळ खर्ज निघतच नाही, तरी चाल कळते ती त्यामुळेच. ते उपस्वर मधल्या पट्ट्यात असतात, आणि तोच पट्टा वादकाने उतरवलेला असतो.

शेवटची जागा अॅम्प आणि स्पीकरची पेटी यांच्यामधल्या केबलची. बेसपासून अॅम्पपर्यंत जाणारी केबल दुर्बळ संकेत नेते, म्हणून तिच्यात एकच बारीक तार आणि भोवती जाळीचे वेष्टन असते. अॅम्पकडून पेटीकडे मात्र खरी शक्ती वाहते. तिथे दोन सारख्या जाड तारा लागतात. दोन्ही केबलींची टोके पुष्कळदा एकसारखी असतात, आणि घाईत गिटारची केबल पेटीला लागते. ती तापते, शक्ती वाटेतच वाया जाते, आणि व्हॉल्व्हच्या अॅम्पमध्ये तशी केबल तुटली तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ओळखायची खूण केबलच्या अंगावरच छापलेली असते. ती बारीक अक्षरे स्टेजवरच्या अंधारात दिसत नाहीत, म्हणून जाणते वादक घरूनच पेटीच्या केबलला रंगीत टेप गुंडाळून नेतात.