उद्योगिनी आणि एंजल भांडवल : काही गैरसमज

एंजल गुंतवणूकदाराकडून मिळणारी रक्कम म्हणजे विनातारण, सवलतीचे कर्ज होय, हा समज उद्योगात नव्याने पडणाऱ्या स्त्रियांत जितका रूढ तितकाच घातक आहे. १९५९ साली गिरगावातील सात गृहिणींनी ज्या ८० रुपयांवर लिज्जत पापडाचा उद्योग मांडला ते उसने होते, आणि उसने फेडले की देणाऱ्याचा संबंध संपतो. एंजल गुंतवणूकदार मात्र व्याज मागत नाही, तारण मागत नाही, धंदा बुडाला तर स्वतःची रक्कमही गमावतो, परंतु तिच्या मोबदल्यात समभाग घेऊन तो मालकीत वाटेकरी होतो आणि तो वाटा पुढेमागे चढ्या भावाने विकता यावा अशी अपेक्षा बाळगतो. साहजिकच एकल मालकीच्या दुकानाला किंवा बचत गटाला हा मार्ग खुला नाही. त्यासाठी खासगी मर्यादित कंपनी नोंदवावी लागते, आणि २०१३ च्या कंपनी कायद्याच्या ४२ व्या कलमान्वये, समभागवाटपाचे विवरण निबंधकाच्या दप्तरी दाखल होईपर्यंत, आलेल्या पैशाला हात लावता येत नाही.

वाटा दिला की अंमल गेला, ही भीतीही सर्वस्वी खरी नाही. चार कोटी मूल्य ठरलेल्या कंपनीत एक कोटी आले तर गुंतवणूकदाराचा वाटा २० टक्के होतो, आणि विशेष ठरावालासुद्धा तीन चतुर्थांश मते लागत असल्याने एवढ्या वाट्यावर तो एकटा कोणताही ठराव संमतही करू शकत नाही वा अडवूही शकत नाही. खरा अंमल भागधारकांच्या करारनाम्यात असतो: कोणकोणत्या निर्णयांस त्याची पूर्वसंमती लागेल याची यादी त्यात असते, म्हणून मसुद्यातील ते कलम स्वतःच्या वकिलाकडून तपासून घेतल्यावाचून सही करू नये.

याहून सूक्ष्म एक धोका आहे, ज्याची चर्चा मला फारशी आढळत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये आणलेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजनेत एक ते पंचवीस लाखांच्या साहाय्यासाठी महिला संस्थापकाचा वाटा किमान ५१ टक्के असावा अशी अट घातली गेली. आता जिच्या नावे ६० टक्के आणि पतीच्या वा भावाच्या नावे उरलेले ४० टक्के समभाग आहेत, अशा उद्योगिनीने वरीलप्रमाणे नवे समभाग देऊन २० टक्के वाटा दिला, की तिचा हिस्सा ४८ वर येतो, आणि उद्योग पूर्वीइतकाच तिचा असूनही कागदोपत्री ती पात्रतेच्या बाहेर पडते. घरच्या माणसांत समभाग वाटतानाच, नोंदणीच्या दिवशीच, हा हिशेब मांडलेला असावा.

एंजल कराची धास्ती मात्र आता सोडावी. रास्त मूल्याहून अधिक घेतलेल्या रकमेला उत्पन्न मानणारी २०१२ ची ती तरतूद जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने रद्द केली.

स्त्रियांच्या उद्योगांना भांडवल कमी मिळते ते ते कमी फलदायी असतात म्हणून, हा समज तर आकड्यांपुढे टिकत नाही. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपने अमेरिकेतील मासचॅलेंज या संस्थेसमवेत २०१८ मध्ये केलेल्या पाहणीत स्त्री-संस्थापित उद्योगांना सरासरी ९ लाख ३५ हजार डॉलर आणि पुरुषांच्या उद्योगांना २१ लाखांहून अधिक मिळाल्याचे दिसले. तरी गुंतवलेल्या प्रत्येक डॉलरमागे महसूल पहिल्यांचा ७८ सेंट, तर दुसऱ्यांचा ३१ सेंट होता. त्याच वर्षी संशोधक डाना कान्झे आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की गुंतवणूकदारांकडून पुरुषांना बहुधा वाढीविषयी आणि स्त्रियांना बहुधा नुकसान टाळण्याविषयी प्रश्न केले जातात, आणि प्रश्न करणारी स्त्री असली तरी हा भेद उरतोच. ग्राहक टिकवाल कसे, या प्रश्नाला बाजारपेठ किती विस्तारेल याचे उत्तर देणाऱ्यांना लक्षणीय अधिक भांडवल मिळाले, हेही त्याच अभ्यासात आढळले, आणि उद्योगिनींनी तशी तयारी अवश्य करावी. तथापि सारा भार त्यांच्याच माथी टाकणे मला अन्यायाचे वाटते, म्हणून मुंबई-पुण्यातील गुंतवणूकदार मंडळांनी प्रत्येक अर्जदाराला, मग तो पुरुष असो वा स्त्री, एकच लेखी प्रश्नावली द्यावी आणि नकार दिल्यास त्याचे कारणही लेखी कळवावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.