शिवार्पणाची तबके आणि सनमायकाचे कपाट

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील सुखवस्तू माणसाच्या दिवाणखान्यात जी उलथापालथ झाली, तिचे श्रेय अथवा अपश्रेय, ज्याच्या त्याच्या अभिरुचीप्रमाणे, ज्या इटालियन मंडळींच्या पदरात घालावे लागते, त्यांत एत्तोरे सोत्सास याचे नाव सर्वांत आधी येते. खुर्ची बसण्यासाठी, मेज लिहिण्यासाठी, कपाट ठेवण्यासाठी. तेवढे काम चोख झाले की रूपाची वेगळी फिकीर करण्याचे कारण नाही, असा जो दंडक जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेच्या आचार्यांनी घालून दिला होता, त्याची सत्ता दोन महायुद्धांनंतर इतकी निर्वेध झाली होती की, त्याविरुद्ध बोलणारा मनुष्य अडाणी तरी ठरे किंवा विदूषक तरी. सोत्सासला पुष्कळांनी विदूषक ठरविले. ते मत उथळ आहे. आणि ते का उथळ आहे हे समजण्यासाठी त्याच्या रंगीबेरंगी कपाटांकडे पाहण्यापूर्वी त्याच्या एका आजाराकडे पाहावे लागते.

त्याचा जन्म १४ सप्टेंबर १९१७ रोजी ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे झाला. आई ऑस्ट्रियन, वडील इटलीच्या सीमेवरील त्रेन्तिनो प्रांतातले. वडिलांचेही नाव एत्तोरेच. ते स्थापत्यविशारद असून व्हिएन्नातील ओटो वाग्नर या विख्यात आचार्यांच्या हाताखाली शिकलेले होते. १९२९ साली हे कुटुंब तुरीनला आले. मुलाने तेथील पॉलिटेक्निकमधून १९३९ साली स्थापत्याची पदवी घेतली. म्हणजे, ज्या वर्षी घरे बांधण्यापेक्षा पाडण्याचीच विद्या अधिक उपयोगाची ठरणार होती, नेमक्या त्या वर्षी. सैन्यातली भरती, माँटेनेग्रोतली मोहीम आणि मग युगोस्लाव्हियातील श्रमछावणीतले दिवस असा त्याच्या तारुण्याचा हिशेब झाला. युद्ध संपल्यावर काही काळ वडिलांसमवेत घरबांधणीची कामे करून तो मिलानला आला, आणि १९४९ साली फर्नांदा पिव्हानो हिच्याशी विवाहबद्ध झाला. हेमिंग्वेसारख्या अमेरिकन लेखकांना इटालियन वाचकांच्या ओळखीचे करून देणारी ही विदुषी भाषांतरकार पतीच्या जोडीने अमेरिकेचे वारे घरात घेऊन आली. १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये रचनाकार जॉर्ज नेल्सन यांच्या कचेरीत त्याने काही महिने उमेदवारीही केली.

१९५८ साली इव्रेआ येथील ऑलिव्हेटी कंपनीने त्याला सल्लागार नेमले. आद्रियानो ऑलिव्हेटी हा कारखानदार मोठा विलक्षण होता: कामगारांसाठी ग्रंथालये, बालवाड्या आणि दवाखाने उभारणारा, आणि टंकलेखन यंत्राचे रूपही संस्कृतीचाच भाग आहे असे मानणारा. सोत्सासने मात्र पगारी नोकराचा हुद्दा पत्करला नाही. स्वतःचा स्वतंत्र स्टुडिओ राखूनच तो कंपनीचे काम करीत राहिला, आणि हा करार वीसहून अधिक वर्षे टिकला. तेथील त्याचे पहिले मोठे काम म्हणजे एलेआ ९००३ हा १९५९ सालचा गणकयंत्रांचा ताफा. त्या काळचे गणकयंत्र म्हणजे खोलीभर उंच पोलादी कपाटांची रांग, आणि त्या रांगेत हरवलेला मनुष्य. सोत्सासने कपाटांची उंची एवढी कमी केली की यंत्रापाशी काम करणाऱ्यांना पलीकडच्या सहकाऱ्यांची तोंडे दिसावीत. तारांचे जाळे जमिनीखाली न पुरता ते डोक्यावरून नेले, म्हणजे यंत्रांची मांडणी हवी तेव्हा बदलता यावी. या कामाला ‘कोंपास्सो द’ओरो’ हे इटलीतील मानाचे पारितोषिक मिळाले. यात बंडखोरी कोठे दिसत नाही हे खरे. परंतु यंत्राची रचना करताना त्यापाशी उभ्या असलेल्या माणसाची काळजी आधी घ्यावी, ही वृत्ती येथेच दिसते.

आणि मग हिंदुस्थान.

१९६१ साली सोत्सास दांपत्य पूर्वेच्या प्रवासाला निघाले. देवळे, घाट, रस्त्यावरची माणसे, पूजेची साधी भांडी हे सारे त्याने अधाशी डोळ्यांनी पाहिले आणि छायाचित्रांत साठविले. पण परत गेल्यावर मूत्रपिंडाच्या भयंकर दाहाने त्याला असे घेरले की, इटलीतील वैद्यांनी आशा सोडली. आद्रियानो आदल्याच वर्षी वारला होता; त्याचा मुलगा रोबेर्तो याने सोत्सासला कॅलिफोर्नियात पालो आल्तो येथील रुग्णालयात हलविण्याची तजवीज केली, आणि १९६२ साली तेथे तो मरणाच्या उंबरठ्यावरून मागे फिरला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने आपल्या खोलीच्या क्रमांकाच्या नावाने एक चिमुकले पत्रक काढून ते मित्रांना धाडण्यास आरंभ केला. मृत्यूच्या दारात बसून नियतकालिक चालविणाऱ्या माणसाला विदूषक म्हणणे सोपे आहे; पण मग विदूषक या पदवीचाच दर्जा वाढवावा लागेल.

या आजारातून जे निघाले ते त्याच्या साऱ्या कर्तृत्वाचे बीज आहे, असे माझे मत आहे. फ्लॉरेन्सजवळच्या मोन्तेलूपो येथील बितोस्सी यांच्या कुंभारशाळेशी त्याचा संबंध आधीपासून होता. १९६३ साली तेथे घडविलेल्या पात्रांच्या एका मालिकेला त्याने ‘अंधाराची मृत्पात्रे’ असे नाव दिले: जाड, साधी, दंडगोलाकार पात्रे, गडद रंगांची, त्यांवर वर्तुळे आणि चकत्या, जणू बंद दारावरची खूण. लगेच पुढच्या वर्षी, बरे झाल्याच्या कृतज्ञतेने, ‘शिवाला अर्पण’ या नावाची तबके आली. ती नुसती पूर्वेची नक्कल असती तर त्यांची दखल घेण्याचे कारण नव्हते. बाजारात अशा नकलांना तोटा नसतो. सोत्सासने आपल्याकडून उचलली ती आकृती नव्हे, तर वस्तूकडे पाहण्याची रीत. तांब्या पाण्यासाठी असतो, पण तोच तांब्या नारळ ठेवून कलश झाला म्हणजे त्याच्याभोवतीची हवा बदलते. वस्तूचा उपयोग तोच राहूनही तिच्याशी असलेले आपले नाते बदलते. आधुनिक युरोपच्या वस्तूंतून हे दुसरे नातेच गळाले आहे, ते परत आणले पाहिजे, हा ध्यास त्याने त्यानंतर कधी सोडला नाही. १९६७ साली मिलानमध्ये माणसाच्या उंचीचे मृण्मय स्तंभ त्याने मांडले, तेव्हा त्या प्रदर्शनाच्या नावातच स्तूप आणि पेट्रोलपंप शेजारी शेजारी बसविले होते.

याच वर्षांत पिव्हानो आणि अमेरिकन बीट कवी अ‍ॅलन गिन्सबर्ग यांच्यासमवेत त्याने ‘पियानेता फ्रेस्को’ हे अल्पजीवी नियतकालिक चालविले. बीट कवींच्या या सहवासाचा त्याच्यावर परिणाम झाला खरा, परंतु तो वेशापेक्षा विचारावर अधिक झाला.

१९६९ साली आलेल्या ऑलिव्हेटीच्या ‘व्हॅलेंटाइन’ या टंकलेखन यंत्राने त्याला जगभर कीर्ती दिली. ब्रिटिश सहकारी पेरी किंग याच्यासह रचलेले हे लालभडक प्लॅस्टिकचे हलके यंत्र. त्याची पाठ हेच त्याच्या पेटीचे झाकण, आणि फितीच्या चकत्यांना नारिंगी टोप्या. कचेरीतल्या करड्या, गंभीर यंत्राला उद्यानात, समुद्रकाठी, अंथरुणात कोठेही नेता यावे अशी कल्पना. ते अधिक स्वस्त व्हावे म्हणून त्यात केवळ मोठी अक्षरे ठेवावी, असा सोत्सासचा आग्रह होता. कंपनीने तो मानला नाही. यंत्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात गेले, सर्वसामान्यांच्या घरात मात्र बेताचेच गेले. २०१६ साली गायक डेव्हिड बोवी याच्या मालकीचे एक व्हॅलेंटाइन लंडनमध्ये लिलावात निघाले. अंदाज तीनशे ते पाचशे पौंडांचा होता, बोली पंचेचाळीस हजारांवर थांबली. गरिबासाठी कल्पिलेल्या वस्तूची अशी गत व्हावी हा दैवदुर्विलास खरा, पण त्या बोलीत यंत्राचा वाटा किती आणि बोवीचा किती, हे वाचकांनीच ठरवावे.

लाकडी सामानाची कथा मात्र वेगळ्या वाटेने चालली होती. पिस्तोयाजवळच्या पोल्ट्रोनोव्हा या कारखान्यासाठी १९६६च्या सुमारास त्याने ‘सुपरबॉक्स’ नावाची कपाटे रचली: भिंतीला न टेकता खोलीच्या मध्यभागी, चौथऱ्यावर, एखाद्या स्मारकासारखी उभी राहणारी, आणि अंगभर पट्टे मिरविणारी. त्यांचे अंग आपण ज्याला सर्रास सनमायका म्हणतो त्या द्रव्याचे होते. कागदाचे थर राळेत भिजवून, उष्णता आणि दाब देऊन केलेला हा पत्रा इटलीत तोवर उडपी हॉटेलच्या दर्जाच्या कॅफेतील मेजांवर आणि स्वयंपाकघरातील ओट्यांवर दिसे. प्रतिष्ठित दिवाणखान्यात त्याला प्रवेश नव्हता. सोत्सासला नेमके तेच हवे होते. अक्रोडाच्या लाकडाला घराण्याचा इतिहास असतो, संगमरवराला राजवाड्यांचा. या पत्र्याला कसलाच पूर्वेतिहास नाही, म्हणून त्यावर नवे काही लिहिता येते. ब्रा गावच्या आबेत लामिनाती या कंपनीने त्याच्यासाठी नवनवे छाप काढले. त्यांतला १९७८ सालचा ‘बाक्तेरिओ’, म्हणजे वळवळणाऱ्या काळ्या रेघोट्यांचा छाप, पुढे फार गाजला.

११ डिसेंबर १९८०च्या रात्री त्याच्या मिलानमधील घरी काही तरुण रचनाकार जमले. सोत्सास तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा. या वयात सामान्य मनुष्य आत्मचरित्राची टिपणे काढू लागतो. मिकेले दे लुक्की, जॉर्ज साउडन, मार्टिन बेदँ, नताली द्यू पास्किए ही मंडळी त्याच्या मुलांच्या वयाची होती. तबकडीवर बॉब डिलनचे एक गाणे लागले होते आणि ‘मेम्फिस’ या शब्दापाशी ती पुनःपुन्हा अडकत होती. तेच नाव मंडळाला मिळाले, ज्यात टेनेसीतले शहर आणि प्राचीन मिसरची राजधानी दोन्ही सामावली. दिव्यांच्या व्यवसायातील आर्तेमिदे कंपनीचा एर्नेस्तो जिस्मोंदी याने भांडवलाची जबाबदारी घेतली, सोत्सासची उत्तरायुष्यातील सहचरी बार्बारा रादिचे हिने लेखनाची आणि व्यवस्थेची. १८ सप्टेंबर १९८१ रोजी मिलानच्या फर्निचर-मेळ्याच्या दिवसांत पहिले प्रदर्शन भरले, तेव्हा रस्त्यावर एवढी गर्दी झाली की काही अपघात झाला असावा असे वाटावे. मासानोरी उमेदा या जपानी रचनाकाराने तर मुष्टियुद्धाचे रिंगणच पलंग म्हणून मांडले होते.

या प्रदर्शनातले ‘कार्लटन’ हे सोत्सासचे कपाट जगाच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले. उंचीला आणि रुंदीला सव्वासहा फुटांच्या आसपास, पायाशी दोन खण, आणि वर लाल, पिवळ्या, हिरव्या फळ्या अशा तिरक्या पसरलेल्या की हात उभारून कोणी मूर्ती उभी आहे असा भास व्हावा. त्यावर पुस्तके नीट उभी राहत नाहीत ही तक्रार खरी आहे, ती कलंडतात. पण देव्हाऱ्यात सामान किती मावते असे कोणी विचारीत नाही. सुपरबॉक्समधले स्मारक, मृत्स्तंभांतला स्तूप आणि तबकांतले अर्पण हे सारे या एका लाकडी आकृतीत एकवटले आहे, आणि ज्यांना त्यात केवळ थट्टा दिसली त्यांनी मागची वीस वर्षे पाहिलीच नव्हती.

तथापि दोष झाकण्यात अर्थ नाही. कॅफेतल्या पत्र्याचे हे सामान आरंभापासूनच श्रीमंतांनी घेतले. कार्ल लागरफेल्ड या फॅशन-रचनाकाराने मोंते कार्लोतील आपले घर त्यानेच भरले. अनुकरणाचा पूर आला, आणि रेघोट्या नि त्रिकोण हीच एक नवी सक्ती होऊन बसली. सोत्सासला हे कळत होते. १९८५ साली तो मेम्फिसमधून बाहेर पडला, आणि मंडळ थोड्याच काळात विसर्जित झाले. आपल्या यशापासून वेळीच दूर होण्याचे हे धैर्य मला त्याच्या कोणत्याही कपाटापेक्षा अधिक मोलाचे वाटते.

उरलेली वर्षे त्याने प्रामुख्याने स्थापत्याच्या कामांत घालविली: कोलोराडोतील वुल्फ कुटुंबाचे घर, मिलानच्या मालपेन्सा विमानतळाचे अंतरंग. ३१ डिसेंबर २००७ रोजी, नव्वदाव्या वर्षी, मिलानमध्ये तो निवर्तला. कार्लटनचे उत्पादन अद्याप चालू आहे. पण मिलानला जाणाऱ्या वाचकाने कार्लटनपाशी फार रेंगाळू नये. त्याने त्रिएन्नाले संग्रहालयात जाऊन ‘कासा लाना’ पाहावे. १९६०च्या दशकात एका मुद्रकासाठी सोत्सासने रचलेला हा दिवाणखाना तेथे २०२१ साली जसाच्या तसा उभारण्यात आला आहे: खोलीच्या मधोमध लाकडाची दुसरी खोली, आत समोरासमोर बैठका, भोवती प्रदक्षिणेएवढी वाट. त्यात बाक्तेरिओ नाही, भडक त्रिकोण नाहीत. सोत्सास काय प्रतीचा कलावंत होता याचा निवाडा या खोलीवरून करावा, कपाटावरून करू नये.