आधी पूल, मग रुंदी

रेवस ते रेडी या सागरी महामार्गाचा विषय निघाला की पहिली विचारणा होते ती मुंबईहून गोवा किती तासांत गाठता येईल, याची. पण त्यासाठी महाड-चिपळूण-कणकवलीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ आहे, १९९८पासून कोकण रेल्वेही आहे. किनारी रस्त्याचे काम निराळे आहे. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्यांच्या खाड्यांनी किनाऱ्याचे तुकडे पाडले आहेत. पूर्वी समुद्रच ते सांधत असे. हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड अशी बंदरे घेत प्रवासी आगबोटी जात. त्या बंद पडल्या आणि रस्ते मात्र बहुतेक पूर्व-पश्चिम झाले, बंदरातून तालुक्याला आणि तिथून महामार्गाला. त्यामुळे दापोली तालुक्यातले दाभोळ आणि गुहागर तालुक्यातले धोपावे समोरासमोर असूनही रस्त्याने जायचे तर चिपळूणकडून वळसा पडतो. शेजार तुटला तो खाडीमुळे नव्हे, खाडी ओलांडण्याची सोय गेली म्हणून.

२००३पासून दाभोळ-धोपावे दरम्यान फेरीबोट गाड्यांसकट माणसे नेते. वेसवी-बागमांडला आणि जयगड-तवसाळ इथेही तीच सोय आहे. मग महागडे पूल कशाला, असे विचारले जाते. या फेऱ्यांना मिळालेला प्रतिसाद हाच मला पुलांच्या गरजेचा सर्वांत भक्कम पुरावा वाटतो. बोटीला वेळापत्रक असते, वाऱ्यापावसाचा अडसर असतो. शेवटची फेरी सुटल्यावर अडलेल्या बाळंतिणीला पलीकडच्या दवाखान्यात न्यायचे कसे? एसटीची थेट गाडी, कॉलेज, मासळीचा बाजार हे सगळे रोजच्या भरवशावर चालते. सावित्रीवरच्या बाणकोट-बागमांडला पुलाचे काम वर्षानुवर्षे रखडले, याची खंत म्हणूनच मोठी आहे.

पूल हवेत तर चौपदरी रस्ता का नको, हा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण पर्यटनावर आज अनेक घरे चालतात. पण गुहागर, मुरूड, केळशी या गावांची ठेवण पाहावी. चिंचोळा रस्ता, त्याला लागून चिऱ्याचे गडगे, आत घर, घरामागे नारळ-सुपारीची वाडी, तिच्यापलीकडे सुरू आणि पुळण. इथे रस्ता रुंद करायचा तर अंगण आणि वाडी जाणार, म्हणजे पाहुणा ज्यासाठी येतो तेच जाणार. रस्ता वर सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, न्यावा म्हटले, तर सडाही ओसाड नाही. पावसाळ्यात त्यावर गुरे चरतात, भात होते, आणि रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पे २०२२मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली आहेत. पुलामुळे जमिनींचे भाव चढतील आणि बाहेरचे खरेदीदार येतील, ही भीती खरी आहे. तिला उत्तर जमीनवापराच्या कडक नियमांत आहे, दाभोळ आणि धोपावे यांना वेगळे ठेवण्यात नाही. सुमारे ५०० किलोमीटरच्या या मार्गावर पैसा आधी खाड्यांवर लागावा आणि गावांतून जाणारा रस्ता दुपदरीच, पण पावसात टिकेल असा व्हावा.