वॅट कमी, उजेड तोच

पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत बल्ब घ्यायला आलेले गिऱ्हाईक आजही ‘किती वॅटचा?’ असेच विचारते. पण वॅट म्हणजे खाल्लेली वीज. उजेड मोजतात ल्युमेनमध्ये. खोक्यावर दोन्ही आकडे छापलेले असतात.

तारेचा पिवळा बल्ब विजेचा बहुतांश भाग उष्णतेत घालवतो. त्यामुळे ६० वॅटच्या बल्बइतका उजेड ९ वॅटचा एलईडी सहज देतो, तोही त्याच होल्डरमध्ये.

हिशेब साधा आहे. एक हजार वॅट तासभर म्हणजे एक युनिट. रोज पाच तास लावलेला ६० वॅटचा बल्ब महिन्याला ९ युनिट घेतो, एलईडी सुमारे १.३५. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढचा दर चढा असतो, म्हणून काठावरच्या घरांना ही बचत जास्त जाणवते.

५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या ‘उजाला’ योजनेत देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी वाटले गेले आणि बाजारातले भावही उतरले.

सगळे दिवे एकदम बदलायची गरज नाही. स्वयंपाकघर, जिना, देवघर असे सर्वाधिक वेळ जळणारे दिवे आधी बदला. जुना सीएफएल मात्र कचऱ्यात फोडू नका. त्यात पारा असतो.