दाढ काढण्याआधी जबडा तपासा

कानाजवळ दुखतं, चावताना कटकट वाजतं, सकाळी उठल्यावर जबडा जड वाटतो. अशी तक्रार घेऊन येणाऱ्या कितीतरी जणींनी आधीच कानात तेल घातलेलं असतं, नाहीतर चांगली दाढ काढून घेतलेली असते. दुखणं मात्र तिथंच! कारण ते दातात नसून जबड्याच्या सांध्यात किंवा स्नायूंत असतं.

कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. बोटाखाली हलतो तो हा सांधा. आत कूर्चेची छोटी गादी असते, ती सरकली की आवाज येतो. नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तर घाबरू नका. झोपेत दात खाणं, ताणात दात आवळून बसणं, सतत सुपारी चघळणं, तोंडावर मार बसणं यांमुळे दुखणं सुरू होतं किंवा वाढतं. घरात मारहाण होत असेल तर तपासणाऱ्या डॉक्टरांना किंवा नर्सला सांगा. त्यात लाज तुमची नाही.

घरी काय करावं?

• काही दिवस मऊ भात, खिचडी, पेज खा. भाकरी कालवणात कुस्करून खा. सुपारी, च्युइंगम बंद.
• ओल्या गरम फडक्यानं १०-१५ मिनिटं शेका, मग गालाचे स्नायू बोटांनी हलके चोळा.
• ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. दिवसभर जबडा असा सैल ठेवा.
• जांभई देताना हनुवटीखाली हात धरा.

२०२३ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकानं जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी मार्गदर्शक सूचना छापल्या. त्यात जबड्याचे व्यायाम, फिजिओथेरपिस्टकडून स्नायू मोकळे करून घेणं, मनाचा ताण हाताळायला शिकणं यांवर भर आहे. ॲक्युपंक्चरनंही काहींना आराम पडतो, पण ते नोंदणी असलेल्या माणसाकडूनच आणि नव्या, निर्जंतुक सुईनं करून घ्या. आपल्यापैकी अनेकांना आनापान ठाऊक आहे. श्वासाकडे लक्ष देताना जबडाही सैल सोडा. आवळलेले दात त्यामुळे लवकर लक्षात येतात. मंतरलेला दोरा, अंगारा आणि झटका देऊन जबडा ‘बसवणारे’ यांच्यावर पैसे घालवू नका.

मात्र पुढील लक्षणं असतील तर घरगुती उपाय करत बसू नका:

• आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जात नाहीत, तिखट झोंबतं आणि गुटखा-सुपारीची सवय आहे. हा सांध्याचा नव्हे, तोंडाच्या आतली कातडी आखडण्याचा आजार असू शकतो. त्यातून कर्करोगाचा धोका असतो. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी पुडी मिळतेच, म्हणून घरातल्या पोरांचंही तोंड बघा.
• तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, जखम दोन आठवड्यांत बरी होत नाही.
• जबड्यासोबत छाती किंवा हात दुखतो, घाम फुटतो. हे हृदयाचं असू शकतं, लगेच १०८ ला फोन करा.
• ताप, गालाला सूज. किंवा विजेसारखी क्षणभराची कळ वारंवार येते.

मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथं शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथं कमी खर्चात तपासणी होते. कुणी दाढ काढायला सांगितलं तर आधी विचारा, “दाढ किडलीय का? एक्स-रेमध्ये दाखवा.” हे विचारणं उद्धटपणा नाही, तो आपला हक्क आहे.