महागडे बूट कॅम्प : किंमत किती, मोल किती?

गेल्या उन्हाळ्यात एक दांपत्य धर्मग्रामाच्या कार्यालयात आले. मुलगा बी.एस्सी. झालेला, हातात एका प्रशिक्षण संस्थेचे रंगीत माहितीपत्रक. तीन महिन्यांचा ‘बूट कॅम्प’, तीन आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रांची तयारी परीक्षेसह, शुल्क १ लाख ८० हजार रुपये अधिक कर. ‘‘फादर, बांगड्या गहाण ठेवायची माझी तयारी आहे, पण पोरगा कामाला लागेल ना?’’ असा त्या माउलीचा प्रश्न होता. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. नंतर संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या आपल्या काही तरुणांशी बोललो, प्रमाणपत्रे देणाऱ्या कंपन्यांचे नियम वाचले. हाच प्रश्न आज अनेक घरांत विचारला जात असल्यामुळे जे उमगले ते वाचकांपुढे मांडीत आहे.

तीन गोष्टींची गल्लत

अशा माहितीपत्रकात ज्ञान, परीक्षा आणि नोकरी ह्या तीन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधलेल्या असतात. प्रत्यक्षात त्या वेगवेगळ्या आहेत. परीक्षा घेण्याचा अधिकार प्रशिक्षण संस्थेकडे नसतो. सिस्को, मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅमेझॉन ह्यांच्या परीक्षा पिअर्सन व्ह्यू ह्या कंपनीच्या केंद्रांवर किंवा घरबसल्या देखरेखीखाली देता येतात. कोणीही स्वतः नाव नोंदवून व शुल्क भरून परीक्षेस बसू शकतो. कोणत्याही वर्गाला गेल्याचा दाखला त्यासाठी लागत नाही. नोकरी देणे तर पूर्णपणे तिसऱ्याच्याच हाती असते. म्हणजे बूट कॅम्प आपल्याला विकतो ते केवळ शिकवणे.

त्या शिकवण्याची किंमत काढू या. वरील माहितीपत्रकात सिस्कोचे सीसीएनए आणि अ‍ॅमेझॉनची क्लाउड प्रॅक्टिशनर व सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट ही प्रमाणपत्रे होती. त्यांचे परीक्षाशुल्क अनुक्रमे ३००, १०० आणि १५० डॉलर, एकूण ५५० डॉलर. कर धरून ही रक्कम साठ हजार रुपयांच्या आसपास जाते. संस्थेचे शुल्क १८ टक्के जीएसटीसह २ लाख १२ हजार ४०० रुपये होते. याचा अर्थ शिकवण्याचेच सुमारे दीड लाख रुपये झाले.

आता हेच ज्ञान अन्यत्र काय भावाने मिळते ते पाहा. १९९७ साली सुरू झालेल्या सिस्को नेटवर्किंग अकॅडमीचे अनेक प्राथमिक अभ्यासक्रम इंटरनेटवर विनामूल्य आहेत. संगणकांचे जाळे पडद्यावर उभारून सराव करण्यासाठी ‘पॅकेट ट्रेसर’ हे साधनही तिथे फुकट मिळते. मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉन आपापल्या परीक्षांसाठी मोफत पाठ देतात. आपल्या आयआयटींच्या प्राध्यापकांचे पाठ एनपीटीईएल आणि २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयम्’ ह्या शासकीय व्यासपीठावर कोणालाही पाहता येतात. प्रत्यक्ष यंत्र हाताळायचे असेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुने राउटर व स्विच आजही विकत मिळतात.

मग दीड लाखात मिळते तरी काय? ठरलेली वेळ, शंका विचारायला शिक्षक, सोबतीला वर्ग आणि अभ्यासाची सक्ती. ह्या गोष्टी क्षुल्लक नाहीत. घरी एकट्याने अभ्यास न जमणारी मुले पुष्कळ असतात. परंतु त्यासाठी घरातले सोने गहाण टाकावे का, हा खरा प्रश्न आहे.

मुळात हे शिबिर कोणासाठी?

‘बूट कॅम्प’ हा शब्द अमेरिकी सैन्यातला. नव्या जवानांच्या खडतर प्राथमिक प्रशिक्षणाला ते नाव आहे. पुढे संगणक क्षेत्रात पाच-सात किंवा दहा-पंधरा दिवसांच्या दाटीवाटीच्या वर्गांना ते लागले. तिथे येणारा विद्यार्थी बहुधा नोकरीत मुरलेला असे आणि खर्च कित्येकदा त्याची कंपनी उचलत असे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २००५ साली नियमपुस्तिका काढून माहिती सुरक्षेच्या कामावरील माणसांना सिक्युरिटी प्लससारखी मान्यताप्राप्त प्रमाणपत्रे सक्तीची केली. अशा माणसाला काम येतच असते. त्याला ठरलेल्या मुदतीत परीक्षा तेवढी उत्तीर्ण व्हायची असते. त्याच्यासाठी एका आठवड्याचे महागडे शिबिरही परवडणारे ठरते, कारण त्याची नोकरीच त्यावर टिकून असते.

आपल्याकडे तेच नाव घेऊन ज्याने कधी सर्व्हरला हात लावलेला नाही अशा मुलाला हे शिबिर विकले जाते. अनुभवी माणसाची उजळणी आणि नवख्याचे शिक्षण ह्यांत मोठे अंतर आहे. काही प्रमाणपत्रे तर नवख्याला मिळूच शकत नाहीत. सीआयएसएसपी ह्या सुरक्षाविषयक प्रमाणपत्राला पाच वर्षांचा अनुभव लागतो. शिक्षण किंवा दुसऱ्या प्रमाणपत्रामुळे त्यात एकाच वर्षाची सूट मिळते. अनुभव नसताना परीक्षा उत्तीर्ण झालात तर केवळ ‘असोसिएट’ म्हणवून घेता येते. प्रकल्प व्यवस्थापनाच्या पीएमपी परीक्षेसाठी चार वर्षांच्या पदवीधारकालाही तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. पदवीच्या दुसऱ्याच वर्षी कोणी आपल्याला अशा परीक्षेचा वर्ग विकत असेल तर सावध व्हावे.

कागदी प्रमाणपत्राचा धडा

ज्यांना २००० सालच्या आसपासचा काळ आठवतो त्यांना एमसीएसई हे नाव ठाऊक असेल. मायक्रोसॉफ्टच्या ह्या प्रमाणपत्रासाठी तेव्हा गल्लोगल्ली वर्ग निघाले. फुटलेल्या प्रश्नांचे संच पाठ करून अनेक जण उत्तीर्ण झाले, पण कामावर बसवल्यावर त्यांना साधा दोषही शोधता येईना. ‘पेपर एमसीएसई’ असा टोमणाच रूढ झाला. ज्यांनी मनापासून अभ्यास केला होता त्यांच्याही प्रमाणपत्राचे मोल त्यामुळे घसरले. २०२१ च्या जानेवारीअखेर मायक्रोसॉफ्टने ते प्रमाणपत्र देणेच थांबवले.

ही पाठांतराची वाट आजही खुली आहे. तिला ‘डंप’ म्हणतात. ती परीक्षेच्या करारनाम्याचा भंग करते, आणि पकडले गेल्यास प्रमाणपत्र रद्द होऊन पुढील परीक्षांना बंदी येऊ शकते. पकडले न गेले तरी मुलाखतीत खरेखोटे पाच मिनिटांत कळते. शिवाय सीसीएनए आणि अ‍ॅमेझॉनची वरील प्रमाणपत्रे तीनच वर्षे टिकतात, मग नूतनीकरण आले. ज्याला विषय कळला आहे त्याला ते जड जात नाही. ज्याने पाठ केले त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

‘शंभर टक्के नोकरी’

नोकरीच्या हमीविषयी अमेरिकेतील एक उदाहरण बोलके आहे. ब्लूमटेक ह्या बूट कॅम्पने आपल्या विद्यार्थ्यांपैकी ८६ टक्क्यांपर्यंत जणांना काम मिळते असा दावा केला होता. एप्रिल २०२४ मध्ये तेथील ग्राहक वित्त संरक्षण विभागाने कारवाई करताना म्हटले की प्रत्यक्षातले प्रमाण ५० टक्क्यांच्या जवळपास, तर काही तुकड्यांत ३० टक्क्यांपर्यंत खाली होते. ह्या संस्थेला विद्यार्थ्यांना कर्ज देण्यास कायमची बंदी करण्यात आली.

आपल्या देशातही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी शिकवणी वर्गांच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. यश आणि नोकरीच्या हमीचे खोटे दावे त्यांत निषिद्ध आहेत. फसवणूक झाल्यास १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार करता येते.

‘बिनव्याजी हप्ता’ हाही शब्द नीट तपासावा. बहुधा ते वित्त कंपनीचे कर्ज असते. पैसे संस्थेला मिळून जातात. मुलाने वर्ग सोडला तरी हप्ते चालूच राहतात आणि थकले तर त्याची नोंद राहून पुढे घरासाठी कर्ज मागताना ती आडवी येते.

कोणी जावे, कोणी थांबावे

ज्याला त्या कामाचा दोन-चार वर्षांचा अनुभव आहे, ज्याची कंपनी खर्च देते, किंवा परदेशातील ठरावीक जागेसाठी ज्याच्याकडे ठरावीक प्रमाणपत्र मागितले आहे, त्याने खुशाल जावे. नवख्याने आधी स्वतःची परीक्षा घ्यावी. मोफत पाठ घेऊन दोन महिने रोज दोन तास बसावे. गोडी लागली तर निम्मी तयारी झालीच. उरलेल्यासाठी माफक शुल्काचा वर्ग पुरतो. गोडी लागली नाही तर दीड लाख वाचले.

तरीही पैसे भरायचेच असतील तर चार गोष्टी लेखी मागाव्यात : परीक्षाशुल्क धरले आहे का, नापास झाल्यास दुसऱ्या वेळेचे पैसे कोण भरणार, वर्ग सोडल्यास किती रक्कम परत मिळेल आणि शिकवणाऱ्याचा स्वतःचा अनुभव काय. मागील तुकडीतील दोन-तीन मुलांशी, संस्थेचा माणूस समोर नसताना, बोलावे. ‘आजच भरा, उद्या सवलत नाही’ असे कोणी म्हटल्यास उठून यावे.

त्या दांपत्याला पुढे मी हेच सांगितले. मुलगा सध्या एका स्थानिक इंटरनेट सेवा देणाऱ्याकडे तुटपुंज्या पगारावर काम करतो, खांबावर चढून तारा जोडतो आणि रात्री पॅकेट ट्रेसर उघडून बसतो. सीसीएनएची परीक्षा त्याने अद्याप दिलेली नाही. देईल तेव्हा ती स्वतःच्या पगारातून देणार, असे त्याने परवा सांगितले. आईच्या बांगड्या तिच्या हातात आहेत.