किलोभर वजनाच्या बाळाच्या पोटावरचा छेद

सहाव्या-सातव्या महिन्यातच जन्मलेलं बाळ, वजन किलोच्या आत. पोट फुगतं, दूध पचेनासं होतं आणि एक्स-रेमध्ये आतड्याबाहेर हवा दिसते. आतड्याला भोक पडल्याची ही खूण. पूर्वी अशा वेळी पोट उघडण्याशिवाय इलाज नव्हता. पण इतक्या नाजूक जिवाला पूर्ण भूल आणि मोठी शस्त्रक्रिया झेपेल का?

1977 मध्ये टोरांटोतल्या आइन आणि सहकाऱ्यांनी पाच बाळांवर वेगळी वाट अवलंबली. फक्त त्या जागेपुरती भूल देऊन पोटावर लहानसा छेद घेतला आणि त्यातून नळी बसवून आतली घाण बाहेर काढली. पुढे काही ठिकाणी दुर्बिणीतूनही पोटात डोकावणं सुरू झालं. त्यासाठी मात्र पोटात वायू भरावा लागतो. त्याचा दाब अगदी कमी ठेवला तरी कोवळ्या फुप्फुसांवर ताण येतोच, त्यामुळे हे प्रत्येक बाळाला सोसत नाही.

मग छेद लहान तेवढा बरा, असं म्हणायचं का? अमेरिकेतल्या 20 केंद्रांत, किलोभर किंवा त्याहून कमी वजनाच्या 310 बाळांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2021 मध्ये आले. दीड-दोन वर्षांच्या वयापर्यंत मृत्यू किंवा मेंदूच्या वाढीतला दोष यांचं एकत्रित प्रमाण पोट उघडलेल्यांत 69 टक्के होतं, नळी बसवलेल्यांत 70. हे आकडे काळजाला चटका लावतात, पण खरी गोष्ट त्यांच्या पोटात आहे. शस्त्रक्रियेआधीचं निदान ‘एनईसी’, म्हणजे आतडं सुजून सडण्याचा आजार, असं होतं त्या बाळांपैकी नळी बसवलेल्यांत हे प्रमाण 85 टक्क्यांवर गेलं, पोट उघडलेल्यांत ते 69च राहिलं. बाकीचं आतडं निरोगी असून एखादंच भोक आपोआप पडल्याचं निदान होतं, तिथे नळीने असं नुकसान दिसलं नाही. सडलेला भाग नळीतून निघत नाही, तो आतच राहतो. म्हणून माझ्या मते छेदाच्या लांबीपेक्षा आधीचं निदान कितीतरी मोलाचं आहे.

छेदाची वेळच येऊ नये हे सर्वांत बरं, आणि एनईसीचा धोका आईच्या दुधाने कमी होतो, हे आता पक्कं ठाऊक आहे. इतर मातांनी दान केलेलं दूध पुरवणारी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी 1989 मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी उभारली. घरात अपुऱ्या दिवसांचं बाळ आलं, तर त्याच्या आईला पहिल्या दिवसापासून दूध काढायला मदत करा, आणि ते पुरत नसेल तर डॉक्टरांकडे दुग्धपेढीची चौकशी जरूर करा.